बेलापूरचा किल्ला
नवी मुंबईत बेलापूरला खाडीजवळ एक पडका बुरूज आहे. झाडांच्या मुळांनी तो वेढला आहे. इथं लहानसा किल्ला होता. पनवेलच्या खाडीत शिरणारी गलबतं इथून दिसायची, म्हणून सोळाव्या शतकात जंजिऱ्याच्या सिद्दींनी तो बांधला. पुढं पोर्तुगीज आले, मग मराठे. १८१७ साली इंग्रजांनी तो घेतला आणि बराच पाडून टाकला. उरलेल्या भिंती झाडीत नि मातीत गेल्या.

इथून घारापुरीला भुयार जातं, असं लोक सांगतात. आम्हाला काही ते पटत नाही. मध्ये समुद्र आहे ना! आम्ही बघतो ते जमिनीतले दगड. ते एका ओळीत दिसले, की भिंत कुठून गेली ते कळतं. कुणी चुलीसाठी दगड उचलून नेला, की ती ओळ तुटली.