वहाणेला तेल पाजताना

नव्या कोल्हापुरी चपलेला तेल पाजण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रात जुनी असून, करकरणारा कोरा तळ तेलाने मऊ पडतो आणि पट्टा पाय चावेनासा होतो, हा तेथील अनुभवही तितकाच जुना आहे. ‘पाजणे’ हे क्रियापद मात्र शास्त्राच्या दृष्टीने फसवे आहे, कारण चामडे ही निर्जीव वस्तू असून तिला पोषण लागत नाही. तेल तिच्यात जे काम करते, ते अन्नाचे नसून वंगणाचे असते.

कातडे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेले असते. या प्रथिनाचा रेणू तीन पेडांच्या दोरासारखा पिळलेला असतो, हे मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी 1954 मध्ये मांडले. असे अनेक रेणू मिळून बारीक तंतू, आणि तंतूंचे जुडगे एकमेकांत गुंतून कातडे बनते. ओल्या कातड्यात या तंतूंमध्ये पाणी असते. ते उडून जाऊ लागले की तंतू एकमेकांकडे ओढले जातात, चिकटतात आणि कातडे ताठ होते. हलगी वाजवण्यापूर्वी शेकतात ती याचसाठी, कारण उष्णतेने उरलासुरला ओलावा गेला की कच्चे कातडे ताणले जाऊन तिचा आवाज चढतो. हलगीला जे हवे असते, तेच वहाणेला नको असते.

कच्चे कातडे ओलाव्यात कुजते, म्हणून ते कमावावे लागते. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्काने कातडे कमावण्याची पारंपरिक पद्धत असून, या वनस्पतींतील टॅनिन, म्हणजे कच्च्या सुपारीला तुरटपणा देणारा द्रव्यगट, कोलॅजनच्या तंतूंना बांधून घेतो, त्यामुळे कुजवणाऱ्या जंतूंना ते सहजी पचवता येत नाहीत. कमावल्याने कुजणे थांबते, पण वाळून ताठरणे पुरते थांबत नाही, आणि तेलाचे काम येथे सुरू होते: तंतूंवर तेलाचा पातळ थर बसला की ते एकमेकांना न चिकटता एकमेकांवरून घसरतात आणि वाकवल्यावर चामडे तडकत नाही. तेल लावताच चामडे गडद दिसते, ते तंतूंमधल्या हवेच्या पोकळ्या भरल्याने प्रकाश कमी विखुरला जातो म्हणून. भज्यांचा कागद तेलाने पारदर्शक होतो, त्यामागेही हेच कारण आहे. तेल आणि मेण मुरवलेल्या बुटांचे चामडे वाकवले की तेथे फिकट रेघ उमटते, ती तेल बाजूला सरकल्याची खूण असून दोष नव्हे.

कोणतेही तेल चालते, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होत जाते, म्हणून ते रंगाला उपयोगी आणि चामड्याला घातक ठरते. खोबरेल सुमारे 24 अंश सेल्सियसखाली गोठते, आणि थंडीत बाटलीत जे दिसते तेच चामड्याच्या पृष्ठभागावर पांढुरक्या थराच्या रूपाने दिसू शकते. ही बुरशी नव्हे, आणि कोमट फडक्याने तो थर निघतो. एरंडेल दाट असते, पण हवेत सहसा वाळत नाही आणि थंडीत लवकर गोठतही नाही, म्हणून घरगुती तेलांत ते उजवे मानावे लागेल.

तेल लावण्याआधी पाण्याचा एक थेंब चामड्यावर टाकून पाहावा: तो मुरून डाग गडद झाला तर तेलही मुरेल, थेंब मण्यासारखा राहिला तर चामड्यावर लेप आहे किंवा त्यात तेल पुरेसे आहे, आणि वरून थापलेले तेल केवळ धूळ धरील. चामडे किंचित दमट असताना, फडक्याच्या टोकावर थोडेच तेल घेऊन ते चोळावे; पाणी उडत जाते तसे तेल त्याच्या जागी आत सरकते, हे कातडे कमावणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रात्रभर तेलात बुडवून ठेवण्याचा उत्साह टाळलेला बरा, कारण अति तेलाने तंतूंची पकड सैल होऊन तळ लिबलिबीत होतो, आणि पावसाळी दमट हवेत त्यावर बुरशीही फोफावते.

भिजलेली वहाण चुलीपाशी किंवा उन्हात तापलेल्या मोटारीत वाळवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. झाडपाल्याच्या अर्काने कमावलेले ओले चामडे साधारण 75 अंशांच्या आसपास पोहोचले की कोलॅजनचा तिपेडी पीळ उलगडतो आणि तंतू कायमचे आक्रसतात. कातडी उकळून सरस करतात, त्या वाटेवरचेच ते पहिले पाऊल असते, आणि नंतर कितीही तेल चोळले तरी ती वहाण पूर्ववत होत नाही. भिजलेली वहाण कागद भरून सावलीत, वारा लागेल अशी ठेवावी, आणि लोखंडी खिळ्यावर टांगू नये, कारण टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की शाईसारखा काळा डाग पडतो. पारंपरिक कोल्हापुरी चपलेत खिळाच नसतो. तिचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात.