लॉगिन झालं, पण परवानगी कुणी तपासली?

2011 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सिटीग्रुप बँकेला आपल्या क्रेडिट कार्डांच्या वेबसाइटवर चोरी होत असल्याचं आढळलं. चोरांची युक्ती अगदी साधी होती. लॉगिन केल्यावर ब्राउझरच्या वरच्या पट्टीतल्या पत्त्यात त्यांनी खात्याचा क्रमांक बदलला आणि दुसऱ्याच ग्राहकाचं खातं समोर उघडलं. मग हेच काम त्यांनी एका प्रोग्रॅमला लावून दिलं. 3 लाख 60 हजारांहून अधिक कार्डधारकांची नावं, खाते क्रमांक आणि ईमेल पत्ते त्यांच्या हाती लागले.

वेबसाइटने ‘तुम्ही कोण?’ हे विचारलं होतं. ‘हे खातं तुमचं आहे का?’ हे विचारायचं राहून गेलं. पहिल्या तपासणीला ऑथेंटिकेशन म्हणतात, दुसरीला ऑथरायझेशन.

पहिलीवर अनेक दशकं विचार झालाय. पासवर्ड जसाच्या तसा साठवू नये, हे बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 मध्येच मांडलं होतं. साठवायचा तो त्याचा हॅश, म्हणजे गणिती प्रक्रियेतून निघालेली अक्षरांची ओळ. तिच्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही. हॅश काढण्याआधी प्रत्येक पासवर्डला वेगळी ‘सॉल्ट’, म्हणजे काही यादृच्छिक अक्षरं, जोडली, की दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे निघतात. रॉकयू या कंपनीने यातलं काहीच पाळलं नव्हतं. 2009 मध्ये तिच्याकडचे 3 कोटी 20 लाख पासवर्ड चोरीला गेले, तेही सरळ वाचता येतील असे.

ओळख पटली तरी ती टिकवावी लागते, कारण वेबचा एचटीटीपी हा नियमसंच मागची विनंती लक्षात ठेवत नाही. म्हणून सर्व्हर ब्राउझरकडे अंदाज बांधता येणार नाही असा लांबलचक क्रमांक ठेवायला देतो. हीच कुकी; लू मोंटुली यांनी 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझरमध्ये ती आणली. प्रत्येक क्लिकबरोबर ती सर्व्हरकडे परत जाते.

मात्र कुकीवरून फक्त माणूस कळतो. त्याने मागितलेली वस्तू त्याचीच आहे का, हे सर्व्हरने दर वेळी डेटाबेसमध्ये पाहायलाच हवं. ‘बिल क्रमांक 5021 दाखव’ एवढी आज्ञा पुरत नाही; ‘ते या ग्राहकाच्या नावावर असेल तरच’ ही अट तिला जोडावी लागते. पानावरचं बटण लपवूनही भागत नाही, कारण बटणाशिवायही विनंती पाठवता येते. प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात ते गिटहब आणखी एक काळजी घेतं. परक्याने खासगी प्रकल्प मागितला तर ‘404, सापडत नाही’ असं उत्तर येतं, म्हणजे तो प्रकल्प आहे हेसुद्धा त्याला कळत नाही.

वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या 2021 च्या धोक्यांच्या यादीत परवानगीतल्या चुका पाचव्या क्रमांकावरून पहिल्यावर गेल्या. पासवर्ड तपासण्याची पारखलेली साधनं तयार मिळतात. कुठलं बिल कुणी पाहायचं हा नियम मात्र प्रत्येक व्यवसायाचा वेगळा असतो आणि प्रोग्रॅमरला तो जागोजागी स्वतः लिहावा लागतो. एक जागा सुटली तरी खिंडार पडतं. म्हणून अॅप लोकांच्या हाती देण्याआधी दोन खाती उघडून पाहावीत आणि पहिल्याने लॉगिन करून दुसऱ्याचं बिल मागावं. ते दिसलं, तर अॅप अजून तयार झालेलं नाही.