मैदान परदेशात, निवाडा घरी

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळणाऱ्या परदेशी खेळाडूची दोन खाती असतात. पहिल्या खात्यात त्याचे गुण, रिबाउंड, कराराचे डॉलर आणि विजेतेपदे यांची नोंद होते. हे खाते जगजाहीर असते. दुसरे खाते त्याच्या मायदेशात उघडलेले असते. तेथील वर्तमानपत्रे, क्रीडा संघटना, पुढारी आणि कॅफेत बसून सामना पाहणारे लोक ते लिहितात. पहिल्या खात्यात मोठी जमा असलेला माणूस दुसऱ्या खात्यात दिवाळखोर ठरू शकतो.

पुण्यात कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टावर बास्केटबॉल खेळलेल्या आमच्या पिढीला एनबीएची ओढ होतीच. पुढे मात्र त्या खेळाडूंच्या पराक्रमापेक्षा त्यांच्या घरच्या बातम्या मला अधिक वाचाव्याशा वाटू लागल्या. त्या वाचनातून हाती आलेली गोष्ट या लेखात मांडतो आहे. मायदेश आपल्या खेळाडूशी नेहमी ऋणाच्या भाषेत बोलतो: आम्ही तुला घडवले, आता फेड. पण त्याचा निवाडा ऋणावर ठरत नाही. त्या घडीला देशाला स्वतःविषयी कसली धास्ती वाटते आहे, यावर तो ठरतो.

आधी वेळापत्रक समजून घ्यायला हवे, कारण सगळा वाद तिथे सुरू होतो. एनबीएचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि अंतिम फेरी जूनमध्ये संपते. नियमित हंगामातच प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. ऑलिंपिक, विश्वचषक, युरोपची अजिंक्यपद स्पर्धा हे सारे बहुधा जुलै ते सप्टेंबर या काळात येते. म्हणजे थकलेल्या शरीराला विश्रांती मिळण्याचे जे दोन-तीन महिने, तेच देश मागतो. खेळाडू जखमी झाला तर नुकसान क्लबचे होणार, म्हणून त्याच्या कराराचा विमा उतरवण्याचा खर्च राष्ट्रीय संघटनेला करावा लागतो. आपल्या क्रिकेटची घडी याच्या अगदी उलट आहे. तिथे वर्ष देशाचे असते आणि लीगला त्यातले दोन महिने मिळतात. बास्केटबॉलमध्ये वर्ष क्लबचे, आणि देशाच्या वाट्याला फक्त उन्हाळा. सासरी नांदणारी लेक दिवाळीला माहेरी आली की नाही, यावरून गावाने तिची पारख करावी, तसा हा उन्हाळ्याचा हिशेब चालतो.

एके काळी हा उन्हाळाही शिल्लक नव्हता. १९८९ पर्यंत आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, म्हणजे ‘फिबा’चा नियम असा होता की, एनबीएत उतरलेल्या खेळाडूला राष्ट्रीय संघातून खेळता येणार नाही. ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटला १९८४ मध्ये न्यू जर्सी नेट्सने निवडले होते. देशाची जर्सी सोडावी लागेल म्हणून तो गेला नाही. १९८७ मध्ये इंडियानापोलिस इथे पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने अमेरिकेला तिच्याच भूमीवर १२०-११५ असे हरवले, तेव्हा ऑस्करने ४६ गुण केले होते. पाच ऑलिंपिक खेळलेला हा माणूस ब्राझीलमध्ये निष्ठेची मूर्ती ठरला.

पण एक बारकावा पाहण्याजोगा आहे. ऑस्कर घरी बसून नव्हता. १९८२ पासून तो इटलीत कासेर्ताच्या क्लबकडून खेळत होता आणि त्यावर उपजीविका करत होता. म्हणजे परदेशात जाणे आणि खेळाचा पैसा घेणे, या दोन्ही गोष्टी ब्राझीलला चालत होत्या. नियम इटलीहून उन्हाळ्यात परत येऊ देत होता, अमेरिकेहून येऊ देत नव्हता. आणि लोकांची निष्ठेची व्याख्या त्या नियमाच्या कडेकडेने आखली गेली होती.

एप्रिल १९८९ मध्ये म्युनिक इथे फिबाने ५६ विरुद्ध १३ मतांनी ही बंदी उठवली. त्याच वर्षी पूर्व युरोपातील खेळाडूंची पहिली मोठी तुकडी एनबीएत दाखल झाली. तिच्यात युगोस्लाव्हियाचे दोन मित्र होते. व्लादे दिवाच हा सर्बियातल्या प्रियेपोल्ये गावचा, तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. द्राझेन पेट्रोविच क्रोएशियातल्या शिबेनिकचा, तो पोर्टलंडला गेला. परक्या देशातल्या त्या पहिल्या हंगामात दोघे सतत फोनवर बोलत आणि एकमेकांना धीर देत.

१९९० च्या उन्हाळ्यात दोघे राष्ट्रीय संघात परतले आणि ब्युनोस आयर्समध्ये युगोस्लाव्हियाने सोव्हिएत संघाला हरवून विश्वविजेतेपद मिळवले. जल्लोषात एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात धावत आला. दिवाचने तो हिसकावून घेतला. हा विजय साऱ्या युगोस्लाव्हियाचा आहे, एका प्रांताचा नाही, असे त्याचे म्हणणे होते. देश आधीच उसवत चालला होता. क्रोएशियात दिवाच खलनायक झाला आणि सर्बियात वीर. दोन्ही बिरुदे त्याने मागितली नव्हती. पेट्रोविचने बोलणे थांबवले. जून १९९१ मध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये पेट्रोविचचा क्रोएशिया रौप्यपदक जिंकला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे दिवाचच्या संघाला तिथे प्रवेशच नव्हता. ७ जून १९९३ रोजी जर्मनीत मोटार अपघातात पेट्रोविच गेला, वयाच्या २८ व्या वर्षी. दोघांचा समेट झाला नव्हता. ‘वन्स ब्रदर्स’ या २०१० च्या माहितीपटात दिवाच झाग्रेबला जाऊन मित्राच्या आईला भेटताना दिसतो.

या प्रकरणात दिवाच उन्हाळ्यात घरी आला होता, देशासाठी जिंकलाही होता. ऋणाच्या हिशेबाने त्याची बाकी शून्य होती. पण ज्या घरासाठी तो आला, तेच दुभंगत होते. दुभंगणाऱ्या घराला पदकापेक्षा झेंड्याची चिंता अधिक होती.

ऋणाचा दावा सर्वांत ठामपणे कोणी करू शकत असेल तर तो चीन. तिथे खेळाडू लहानपणापासून सरकारी क्रीडाशाळेत वाढतो. त्याचा आहार, निवास, प्रशिक्षण सगळे सरकारचे. वांग झिझी हा सात फुटांचा खेळाडू ‘बायी’ या सैन्याच्या संघातला. ‘बायी’ म्हणजे ‘आठ-एक’, म्हणजेच १ ऑगस्ट, हा चिनी सैन्याचा स्थापना दिवस. १९९९ मध्ये डॅलसने त्याला निवडले, पण सैन्याने सोडेपर्यंत २००१ चा एप्रिल उजाडला. एनबीएत खेळणारा तो पहिला चिनी खेळाडू. पुढच्याच वर्षी उन्हाळी लीग खेळून आपला खेळ सुधारावा म्हणून तो अमेरिकेत थांबला आणि राष्ट्रीय संघाच्या सरावाला परतला नाही. त्याला संघातून काढून टाकण्यात आले. त्याच शरद ऋतूत बुसानच्या आशियाई स्पर्धेत चीन अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाकडून हरला. चार वर्षे वांग घरी जाऊ शकला नाही. २००६ मध्ये तो परतला, त्याने जाहीर माफी मागितली, आणि त्याला पुन्हा संघात घेतले गेले.

वांग थांबला त्याच २००२ साली याओ मिंगला ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर निवडले. शांघायचा हा साडेसात फुटी तरुण बास्केटबॉल खेळणाऱ्या आईबापांचा मुलगा होता. वांगचा अनुभव ताजा असल्याने त्याला परवानगी देताना अटी घातल्या गेल्या: राष्ट्रीय संघाने बोलावले की यायचे आणि कमाईचा काही हिस्सा इकडे द्यायचा. याओने त्या पाळल्या. २००४ मध्ये अथेन्सला आणि २००८ मध्ये बीजिंगला चीनचा ध्वज त्याच्याच हातात होता. बीजिंगच्या उद्घाटनाला त्याच्या शेजारी सिचुआनच्या भूकंपातून वाचलेला, वर्गमित्रांना बाहेर काढणारा नऊ वर्षांचा एक मुलगा चालत होता. ते छायाचित्र जगभर गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत याओच्या डाव्या पायाच्या हाडाला तडा गेला होता. शस्त्रक्रिया करून घेऊन तो ऑगस्टमध्ये मैदानात उतरला. २००९ मध्ये तोच पाय पुन्हा मोडला, पुढचा पूर्ण हंगाम वाया गेला आणि जुलै २०११ मध्ये, तिशीतच, त्याला निवृत्त व्हावे लागले.

दोघांनाही एकाच व्यवस्थेने घडवले होते, तेव्हा दोघांचे ऋण सारखेच होते. फरक उन्हाळ्यांचा होता. एकाने उन्हाळा स्वतःच्या खेळासाठी ठेवला, दुसऱ्याने विश्रांतीविना देशाला दिला. माणूस बाहेर गेला की हातातून जातो, ही त्या काळच्या चीनची धास्ती होती. वांगने ती खरी ठरवली आणि याओने ती शमवली. पुढे २०१७ मध्ये याओ चिनी बास्केटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनच्या एका अधिकाऱ्याने हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूने ट्वीट केले, तेव्हा ज्या क्लबने याओला जगापुढे आणले त्याच क्लबशी त्याच्या संघटनेने सहकार्य थांबवले. खाते लिहिणाऱ्यांच्या बाजूला आता तो स्वतः बसला होता.

चीनने निदान काही दिले होते. ग्रीसने काय दिले? यान्निसचा जन्म १९९४ मध्ये अथेन्सचा, आईवडील नायजेरियातून आलेले, राहायला सेपोलिया वस्तीत. भावंडे रस्त्यावर चष्मे, पिशव्या विकून घराला हातभार लावत. मुलगा ग्रीक शाळेत शिकला, ग्रीक बोलला, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत तो कोणत्याच देशाचा नागरिक नव्हता. एनबीएचे संघ त्याला पाहू लागल्यावर मे २०१३ मध्ये त्याला नागरिकत्व मिळाले आणि जूनच्या अखेरीस मिलवॉकीने त्याला निवडले. तत्कालीन पंतप्रधानांनी त्याचे स्वागत केले. संसदेत बसणाऱ्या ‘गोल्डन डॉन’ या अतिउजव्या पक्षाच्या एका नेत्याने त्याच्याविषयी जाहीरपणे वंशद्वेषी शब्द वापरले.

त्याचे आडनावही या व्यवहाराची साक्ष देते. मूळ योरुबा नाव ‘आदेतोकुंबो’, अर्थ साधारण असा: समुद्रापलीकडून परतलेला मुकुट. ग्रीक लिपीत ‘द’ आणि ‘ब’ या ध्वनींसाठी दोन-दोन अक्षरे जोडावी लागतात. पारपत्रावर ती जशीच्या तशी रोमन लिपीत उतरली आणि जगाने ते ‘आंतेतोकुम्पो’ असे वाचले.

चार वर्षांनंतर, २०१७ च्या उन्हाळ्यात, गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो युरोपीय स्पर्धेला मुकणार असे जाहीर झाले, तेव्हा ग्रीक महासंघाने थेट त्याच्या क्लबवर आणि एनबीएवर ठरवून रचलेल्या डावाचा आरोप केला. ज्याला अठरा वर्षे कागद दिला नाही, त्याच्या गुडघ्यावर आता देशाचा हक्क झाला होता. कर्जबाजारीपणाने आणि काटकसरीने वाकलेल्या ग्रीसला आपले नाव जगात उंचावणारा कोणीतरी हवा होता. २०१९ आणि २०२० मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२१ मध्ये अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यात ५० गुण करून त्याने क्लबला विजेतेपद दिले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रीसचा ध्वज धरणाऱ्या दोघांत तो होता. पण त्याच्या आडनावाचे बाकीचे लोक, म्हणजे ग्रीसमध्ये जन्मलेली स्थलांतरितांची मुले, यांच्यासाठी शाळेच्या आधारे नागरिकत्वाची वाट काढणारा कायदा यायला २०१५ उजाडले.

उन्हाळा चुकवणाऱ्या प्रत्येकावर वांगची पाळी येते असे नाही. सर्बियाच्या निकोला योकिचने २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिल्यावर विश्वचषकाला नकार दिला. थोडी कुरकुर झाली, एवढेच. त्याच्याविना संघ अंतिम फेरीत पोहोचला. शिवाय योकिच दर उन्हाळ्यात सोंबोर या आपल्या गावी जाऊन घोड्यांच्या शर्यतींत रमतो, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. तो हातचा जाईल अशी भीती तिथे कुणाला वाटत नाही. पुढच्या वर्षी पॅरिसला तो खेळला आणि सर्बियाने कांस्यपदक जिंकले.

आपल्यापुढे हा प्रश्न अजून आलेला नाही. २०१५ मध्ये पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलसने निवडले, तेव्हा आपल्याकडे मोठे मथळे झाले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही आणि मथळे थांबले. भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच, १९८० साली मॉस्कोत खेळला आहे. त्यामुळे सतनामने उन्हाळ्यात यावे की नाही यावरून कोणाची झोप उडाली नाही. २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले. त्यांतल्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले. त्या दिवसांत आपल्या वर्तमानपत्रांत ‘आपले रणदिवे’ हा सूर सहज उमटला होता. ‘आपले’ म्हणायला आपल्याला कसलीच किंमत मोजावी लागली नव्हती.

पुढे कधी एखादी मुलगी किंवा मुलगा आपल्याकडून त्या पातळीवर पोहोचेल. तेव्हा जूनमध्ये थकून आलेल्या त्या शरीराला सरावासाठी बोलावण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारता येतील. विम्याचा हप्ता कोण भरणार? दुखापतीबाबत कोणत्या डॉक्टरचा शब्द अंतिम? वर्षातून किती आठवडे विश्रांतीसाठी राखून ठेवायचे? हे आधीच लिहून ठरवले, तर निष्ठेची परीक्षा घेण्याची वेळ क्वचितच येईल. वांगच्या वेळी असे काही ठरलेले असते, तर त्याची चार वर्षे परदेशात आणि एक माफी घरात खर्ची पडली नसती.