देव थांबवत नाही, म्हणजे देवाची संमती नाही

ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे ‘कोयत्या’ने, उचल (आगाऊ रक्कम) मिळते. मुलीला मागे ठेवायला सुरक्षित घर नसते. त्यामुळे बीड जिल्ह्याच्या केज परिसरातून टोळ्या निघण्याआधी लहान मुलींची लग्ने उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठरापूर्वी झालेले आढळले. यावर हमखास ऐकू येते : गाठी वरच बांधलेल्या असतात, देवाला नको असते तर त्यानेच मोडता घातला असता.

श्रद्धा खरी आहे, पण निष्कर्ष चुकतो. इच्छास्वातंत्र्य (बरे-वाईट निवडण्याची माणसाची मोकळीक) मानले, की देवाचे मध्ये न पडणे ही संमती ठरत नाही. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी पावसाचा दाखला दिला आहे. पाऊस सर्व बियांवर सारखाच पडतो. पीक मात्र बियाण्याप्रमाणे येते; देव पावसासारखा, माणसाचे कर्म बियाण्यासारखे. कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ज्वारी पेरून कोणी हरभऱ्याची वाट पाहत नाही, आणि तण माजले तर ते पावसाच्या मर्जीवर सोडतही नाही. खुरपतो.

जबाबदारी माणसाचीच, हे कायदाही धरून चालतो. २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीची जबाबदारी असलेल्याने निष्काळजीपणे असे लग्न होऊ देणे हाही गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. न्यायदंडाधिकारी लग्नाआधीच मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेले लग्न मुळातच रद्द ठरते. गावात असे लग्न ठरल्याचे कळले, तर हळद लागण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) सांगा किंवा १०९८ वर फोन करा.