दोन रंगांचे ब्राह्मण

1866 साली लिस्बनमध्ये ‘ओस ब्राह्मणेस’, म्हणजे ‘ब्राह्मण’, या नावाची पोर्तुगीज कादंबरी छापून निघाली. लेखक होते गोव्यात सासष्टीतल्या नावेलीचे डॉक्टर फ्रान्सिस्को लुईस गोम्स. गोवा त्यांना विसरलेला नाही. पणजीत कांपालला त्यांच्या नावाची बाग आहे, नावेलीला जिल्हा ग्रंथालय आहे. पण आठवण निघते ती पोर्तुगीज संसद गाजवणाऱ्या वक्त्याची. कादंबरीकडे पाहिलं जातं ते अर्थशास्त्राच्या ग्रंथलेखनातून सवड काढून केलेला छंद म्हणून. ही समजूत मला पटत नाही. गोम्सांची पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तर सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न सापडतो: निव्वळ जन्मामुळे माणसाच्या पदरात काय पडतं आणि काय हिरावलं जातं? त्या प्रश्नाचं सर्वांत धीट उत्तर कादंबरीत आहे.

गोम्सांचा जन्म 1829 चा. पणजीची वैद्यकशाळा 1842 मध्ये निघाली आणि 1850 मध्ये ते तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडले. (पुढच्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून गोव्यातच जन्मलेले भाऊ दाजी लाड डॉक्टर झाले. ते शिलालेखांकडे वळले, गोम्स जमिनीकडे आणि कायद्याकडे.) 1860 मध्ये गोम्स पोर्तुगीज संसदेवर निवडून आले आणि लिस्बनला गेले. 1861 मध्ये कापसाच्या प्रश्नावर त्यांचं फ्रेंच पुस्तक निघालं, 1862 मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या जमिनीच्या स्वातंत्र्यावर पोर्तुगीज पुस्तक, 1867 मध्ये अर्थशास्त्राचं नीतीशी आणि कायद्याशी असलेलं नातं तपासणारा फ्रेंच ग्रंथ. जमिनीवरचं पुस्तक कळायचं तर ‘गावकारी’ची, म्हणजे गोव्यातल्या सामाईक गावजमिनीच्या कारभाराची, रीत डोळ्यांपुढे हवी. गावची सामाईक शेतं मुदतीच्या लिलावानं खंडाला द्यायची, त्यातून बांधबंदिस्तीचा आणि गावच्या देवस्थानाचा किंवा चर्चचा खर्च भागवायचा, उरलेल्यातून गावकारांच्या पुरुष वंशजांना ‘जोण’ वाटायचा. खाजणाच्या चिखलात गुडघाभर उतरणाऱ्या कुळाला मुदत सरली की जमीन सुटण्याची धास्ती. गावकाराचा वाटा मात्र बांधावर पाय न ठेवताही ठरलेला, कारण तो अमक्या घरात जन्मला. अशा गावातून आलेला माणूस पुस्तकाच्या नावातच जमिनीचं स्वातंत्र्य मागतो, तेव्हा तो नुसत्या पिकाबद्दल बोलत नसतो.

1869 मध्ये त्यांनी पोर्तुगालचा अठराव्या शतकातला मंत्री मार्किस पोंबाल याचं चरित्र प्रसिद्ध केलं. या पोंबालच्या 1761 च्या हुकमानं आशियातल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क दिले होते आणि स्थानिक माणसाला रंगावरून हिणवणं हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवला होता. शिवी ही जखम आहे आणि तिची दखल राज्यानं घ्यायला हवी, असा त्या हुकमाचा अर्थ होतो.

कादंबरीतला संघर्ष पेटतो तो अशाच जखमेतून. स्थळ अवधातलं फैजाबाद. रॉबर्ट डेव्हिस या आयरिश गोऱ्याकडून मॅग्नोद नावाच्या ब्राह्मणाचा अपमान होतो, मॅग्नोद सुडाला पेटतो आणि कथा 1857 च्या उठावाला जाऊन मिळते. काडतुसं आणि 1856 मध्ये खालसा झालेलं अवध ही कारणं इतिहासाच्या पुस्तकांत असतातच. गोम्सांची नजर एका माणसाच्या मानहानीवर खिळलेली आहे. मॅग्नोद जन्माच्या बळावर खालच्या जातींना तुच्छ लेखतो, डेव्हिस रंगाच्या बळावर मॅग्नोदला. गोम्स दोघांनाही एकच नाव देतात: ब्राह्मण. एक काळा, एक गोरा. शिवाय आयर्लंड स्वतः इंग्रजांच्या अमलाखाली होतं. तिथला माणूस इथं येऊन तोच जाच दुसऱ्याला करतो, ही रोगाची लागण डॉक्टरच्या नजरेनं अचूक टिपली आहे. अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीशी इथल्या जातीची गाठ घालणारी जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ 1873 ची, म्हणजे या कादंबरीनंतर सात वर्षांनी आलेली.

कादंबरी म्हणून हे पुस्तक कच्चं आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. त्यात उपदेश फार आहे. पण 1857 च्या ‘यमुनापर्यटना’तही बाबा पदमनजींना विधवांचे हाल वेशीवर टांगायचे होते, आणि त्यासाठी आपण ते पुस्तक कादंबरीच्या इतिहासातून वगळत नाही. याहून बोचरा आक्षेप दुसरा आहे. गोम्स ख्रिस्ती बंधुभाव हा उतारा म्हणून सुचवतात. पण त्यांच्या स्वतःच्या गोव्यात बामण, चाड्डी, सुदीर हे भेद बाप्तिस्म्यानंतरही टिकले होते, चर्चच्या कोंफ्रारिया, म्हणजे भक्तमंडळ्या, त्यासुद्धा जातीप्रमाणे वेगळ्या होत्या. फैजाबादेत दिसलेला रोग सासष्टीत दाखवणारी कादंबरी त्यांनी लिहायला हवी होती. ती लिहिली नाही, हे उणं उरतंच. पोर्तुगालशी ते एकनिष्ठ राहिले, हेही खरं. तरी 1861 मध्ये फ्रेंच कवी लामार्तीनला लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानासाठी त्यांनी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागितला होता, आणि आपल्या देशबांधवांना नसलेलं स्वातंत्र्य आपल्याला लाभलं आहे, याची जाणीवही त्या पत्रात आहे.

राहिला भाषेचा प्रश्न. पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं पुस्तक आपलं कसं? कर्नाटकात होसकोट्यातल्या मराठी घराला हे कोडं पडू नये. घरात मराठी, बाजारात कन्नड, कामावर इंग्रजी, आणि म्हणून तिथला माणूस तुकड्यातुकड्यांत जगत नाही. गोम्सांची घरची भाषा कोंकणी, सभागृहातली पोर्तुगीज, ग्रंथांची बरेचदा फ्रेंच. गोऱ्यांना तोंडावर ब्राह्मण म्हणायचं, तर ते त्यांच्या खंडातल्या एखाद्या भाषेतच म्हणावं लागणार होतं. पोंबालचं चरित्र निघालं त्याच वर्षी प्रकृती ढासळल्यामुळे गोम्स गोव्याला परत निघाले. 30 सप्टेंबर 1869 रोजी, भूमध्य समुद्रात, जहाजावरच त्यांचं निधन झालं. वय अवघं चाळीस. सासष्टीची ती दुसरी कादंबरी लिहायची राहिली.