वसई-विरारचे नगरनियोजन, निधी आणि विधिमंडळाची देखरेख

वसई-विरार हे पालघर जिल्ह्यातील, मुंबई महानगर प्रदेशाच्या उत्तर भागात वसलेले शहर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १२,२२,३९० होती. या शहराचा विकास आराखडा, त्याची हद्द आणि त्याच्या महापालिकेला मिळणारा निधी यांविषयीचे अंतिम निर्णय प्रामुख्याने राज्य शासनाच्या नगरविकास विभागात होतात. त्यामुळे त्या निर्णयांचा जाब विचारण्याचे घटनात्मक स्थान महाराष्ट्र विधिमंडळ हे ठरते. जून २०२० पासून सुमारे साडेपाच वर्षे महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. या काळात विधिमंडळाच्या देखरेखीला विशेष महत्त्व प्राप्त झाले आणि तिच्या मर्यादाही उघड झाल्या.

== पार्श्वभूमी ==

वसईचा पश्चिम पट्टा केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुलांच्या बागायतीसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांमुळे मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यम व अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांनी नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर येथे वस्ती केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्ट्यातील जमिनी नागरीकरणासाठी खुल्या करण्याच्या धोरणास स्थानिकांनी विरोध केला. त्यातून उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन : २५ जुलै २०२४) यांनी केले.

१९९० मध्ये राज्य शासनाने वसई-विरार उपप्रदेशासाठी शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व परिसरातील पन्नासहून अधिक गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. ७ जुलै २०१० च्या अधिसूचनेने तिच्या हद्दीतील नियोजनाचे अधिकार महापालिकेकडे आले.

हा बदल देखरेखीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा होता. सिडको ही शासनाच्या मालकीची कंपनी असल्यामुळे तिचा कारभार विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीच्या कक्षेत येतो. महापालिका ही स्वतंत्र स्थानिक स्वराज्य संस्था आहे. तिच्याविषयीचे प्रश्न नगरविकास मंत्र्यांमार्फत आणि लेखापरीक्षा अहवालांच्या वाटेने सभागृहापुढे येतात. नियोजन करणारी संस्था बदलली, तसा उत्तरदायित्वाचा मार्गही बदलला.

== विकास आराखडा ==

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरण प्रारूप विकास आराखडा तयार करून प्रसिद्ध करते, त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवते आणि सुधारित आराखडा शासनाकडे पाठवते. कलम ३१ अन्वये त्याला मंजुरी देण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे. शासनाला आराखड्यात फेरबदल करता येतात. हे फेरबदल मोठ्या स्वरूपाचे असतील तर तेवढे भाग वेगळे काढून त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. अशा भागांना 'वगळलेले भाग' म्हणतात.

वसई-विरार उपप्रदेशाचा विकास आराखडा शासनाने ९ फेब्रुवारी २००७ रोजी मंजूर केला. त्या वेळी ११३ वगळलेले भाग प्रलंबित ठेवण्यात आले. पुढील काही वर्षांत वेगवेगळ्या अधिसूचनांद्वारे त्यांना टप्प्याटप्प्याने मंजुरी मिळत गेली. एकाच शहराचा आराखडा अशा रीतीने तुकड्यातुकड्यांनी पूर्ण होत गेल्याने कोणत्या जागेवर कोणता वापर अनुज्ञेय आहे, हे समजण्यासाठी नागरिकाला अनेक अधिसूचना एकत्र वाचाव्या लागतात. बांधकामाचे नियमही शासनस्तरावर ठरतात. २ डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागासाठी लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली वसई-विरारलाही लागू आहे.

विकास आराखडा हा सभागृहात मतास टाकला जाणारा कायदा नाही. तो अधिसूचनेने अमलात येतो. कलम ३७ खालील फेरबदल आणि कलम १५४ खालील शासकीय निर्देश यांनाही विधिमंडळाच्या पूर्वसंमतीची गरज नसते. म्हणून आराखड्याविषयीची चर्चा सभागृहात बहुधा निर्णय झाल्यानंतर, प्रश्न किंवा सूचना यांच्या रूपाने होते.

== निधीची व्यवस्था ==

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (अंमल : १ जून १९९३) नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. अनुच्छेद २४३-म नुसार राज्य वित्त आयोग नागरी संस्थांच्या आर्थिक स्थितीचा आढावा घेतो. त्याचा अहवाल आणि त्यावर केलेल्या कार्यवाहीचे निवेदन विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राचा पाचवा वित्त आयोग २०१८ मध्ये व्ही. गिरीराज यांच्या अध्यक्षतेखाली नेमण्यात आला होता.

महापालिकेच्या उत्पन्नाचे मुख्य प्रवाह पुढीलप्रमाणे आहेत :

* मालमत्ता कर व पाणीपट्टी;
* बांधकाम परवानग्यांपोटी मिळणारे विकास शुल्क व अधिमूल्य;
* वस्तू व सेवा करामुळे बुडालेल्या उत्पन्नाची राज्याकडून मिळणारी भरपाई;
* मुद्रांक शुल्कावरील अधिभाराचा वाटा;
* केंद्रीय वित्त आयोग आणि केंद्र-राज्य पुरस्कृत योजनांची अनुदाने.

राज्यातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली होती. महापालिका झाल्यानंतर वसई-विरारला स्थानिक संस्था कराचे उत्पन्न मिळू लागले. १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्या करातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तो संपुष्टात आला. त्याऐवजी विधिमंडळाने २०१७ मध्ये स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने भरपाईची रक्कम ठरते. ही रक्कम राज्याच्या अर्थसंकल्पातून येत असल्यामुळे तिच्यावर विधिमंडळाचे मत घेतले जाते.

या व्यवस्थेचा एक परिणाम असा की, महापालिकेने स्वतः ठरवायचा मोठा कर तिच्या हातून गेला आणि त्या जागी राज्याच्या तिजोरीतून येणारी रक्कम आली. पायाभूत वर्षाचे उत्पन्न ज्या शहरात कमी होते, तेथे लोकसंख्या कितीही वेगाने वाढली तरी भरपाई ठरलेल्या दरानेच वाढते. विकास शुल्क बांधकामाच्या तेजीवर अवलंबून असल्याने ते स्थिर उत्पन्न मानता येत नाही.

== विधिमंडळाची साधने ==

नगरविकास विभागाच्या कारभाराची छाननी पुढील मार्गांनी होते :

* तारांकित व अतारांकित प्रश्न : तारांकित प्रश्नास मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात.
* लक्षवेधी सूचना : तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधण्यासाठी विधानसभेत नियम १०५ अन्वये दिली जाते.
* नियम २९३ अन्वये चर्चा : नागरी समस्यांसारख्या व्यापक विषयावर विधानसभेत होणारी चर्चा.
* अनुदानाच्या मागण्या व कपात सूचना : विभागाच्या खर्चाला मंजुरी देताना धोरणावर टीका करण्याची संधी. वेळेअभावी पुष्कळ मागण्या चर्चेविना मंजूर होतात.
* लोकलेखा समिती : भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालांच्या आधारे झालेल्या खर्चाची तपासणी करते व सचिवांची साक्ष घेते.
* आश्वासन समिती : मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली गेली की नाहीत, हे पाहते.

विधानसभेत वसई-विरार महापालिका क्षेत्राशी मुख्यतः वसई आणि नालासोपारा हे मतदारसंघ संबंधित आहेत.

== गावांचा प्रश्न ==

महापालिकेत गावे समाविष्ट करण्यास प्रारंभापासूनच विरोध होता. घरपट्टी वाढेल, ग्रामसभेचे अधिकार जातील आणि बागायती जमिनींवर बांधकामे येतील, अशी भीती ग्रामस्थांना होती. याच प्रश्नावर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून निवडून आले. मे २०११ मध्ये राज्य शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. त्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले व त्याची अंमलबजावणी थांबली. पुढे अनेक वर्षे ही गावे महापालिकेतच राहिली, पण त्यांचे भवितव्य अनिश्चित होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने २०११ चा निर्णय मागे घेऊन गावे महापालिकेत ठेवण्याची भूमिका घेतली.

या प्रश्नात देखरेखीची एक अडचण दिसून येते. न्यायप्रविष्ट बाबींवर सभागृहात प्रश्न विचारण्यास नियमांनी बंधने आहेत. वाद न्यायालयात दीर्घकाळ पडून राहिला की त्यावरची विधिमंडळातील चर्चाही आक्रसते आणि शासनाला आपली भूमिका सभागृहात स्पष्ट करण्याची निकड उरत नाही.

== प्रशासकीय राजवटीचा काळ ==

२०१५ मध्ये निवडून आलेल्या ११५ सदस्यांच्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि महापालिकेवर प्रशासक नेमण्यात आला. प्रारंभी कोविड-१९ साथीमुळे निवडणूक लांबली. त्यानंतर इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांविषयीच्या न्यायालयीन वादामुळे राज्यभरातील निवडणुका रखडल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचा मार्ग मोकळा केला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले.

मधल्या काळात सर्वसाधारण सभा व स्थायी समिती यांचे अधिकार शासननियुक्त प्रशासकाकडे होते. अर्थसंकल्प मांडणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच होता. नगरसेवक नसल्याने रस्ता, गटार, पाणी यांसारख्या प्रभागातील तक्रारीही आमदारांकडे आणि तेथून विधिमंडळात जाऊ लागल्या.

याचा परिणाम विधान परिषदेवरही झाला. अनुच्छेद १७१ नुसार परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडून देतात. ठाणे-पालघर स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची २०१६ मध्ये भरलेली जागा जून २०२२ मध्ये रिक्त झाली. परंतु मतदार असलेले नगरसेवकच नसल्याने ती वेळेवर भरता आली नाही. स्थानिक संस्थांचा आवाज राज्यपातळीवर मांडण्यासाठी घटनेने योजलेली जागा अशा रीतीने नेमक्या गरजेच्या वेळी रिकामी राहिली.

== आरक्षित भूखंड आणि अनधिकृत बांधकामे ==

नियोजन आणि निधी यांचा परस्परसंबंध आरक्षित भूखंडांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट होतो. १९६६ च्या अधिनियमातील कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक सूचना देऊ शकतो. सूचनेनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. म्हणजेच उद्यान, शाळा, रुग्णालय किंवा मलप्रक्रिया केंद्रासाठी नकाशावर दाखवलेली जागा पैशाअभावी शहराच्या हातून कायमची जाऊ शकते. ती मोकळी पडून राहिल्यास तेथे अतिक्रमण होण्याचा धोकाही असतो.

नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरी परिसरात मलप्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२४ मधील आदेशानंतर महापालिकेने त्या पाडल्या. यात घरे विकत घेतलेली शेकडो कुटुंबे बेघर झाली. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार येथील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. या घटनांमुळे अनधिकृत बांधकामांना वेळीच आळा घालण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न ऐरणीवर आला. कायद्याने ती प्रथम महापालिकेची असली, तरी त्या काळात महापालिकेचा कारभार राज्य शासनाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता.

== मर्यादा आणि महत्त्व ==

विधिमंडळाची देखरेख महापालिकेच्या सभागृहाची जागा घेऊ शकत नाही. २८८ सदस्यांच्या विधानसभेत एका शहराच्या वाट्याला येणारा वेळ अल्प असतो, अधिवेशने वर्षातून तीन आणि मोजक्या दिवसांची असतात आणि उत्तर देणारा मंत्री संपूर्ण राज्याच्या नगरविकासाला उत्तरदायी असतो. लेखापरीक्षा अहवाल प्रत्यक्ष खर्चानंतर काही वर्षांनी सभागृहात येतात.

तथापि, आराखड्याची मंजुरी, हद्दीत फेरबदल, भरपाईची रक्कम आणि प्रशासकाची नेमणूक हे निर्णय राज्य शासनाचे असल्याने त्यांचा जाब महापालिकेच्या सभागृहाला विचारता येत नाही. तो विधिमंडळच विचारू शकते. २००७ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याचे नियोजनवर्ष २०२१ होते आणि कायद्यानुसार विकास आराखड्याची किमान २० वर्षांतून एकदा सुधारणा आवश्यक असते. सुधारित आराखड्यात ठेवली जाणारी आरक्षणे निधीची जोड मिळून प्रत्यक्षात येतात की पुन्हा नकाशावरच राहतात, यावर शहरातील मोकळ्या जागा, सांडपाण्याची व्यवस्था आणि पश्चिम पट्ट्यातील उरलेली बागायती यांचे भवितव्य अवलंबून आहे.

== हेही पहा ==

* वसई-विरार शहर महानगरपालिका
* महाराष्ट्र विधिमंडळ
* सिडको
* पालघर जिल्हा
* फ्रान्सिस दिब्रिटो