बांजाखालची माती

उत्तराखंडच्या डोंगरात साधारण १५०० ते १८०० मीटर उंचीवर बांज, म्हणजे हिमालयातला ओक, आणि चीड, म्हणजे तिथला पाइन, शेजारी शेजारी वाढतात. पण दोघांखालची माती वेगळी. बांजाखालची मूठभर माती उचला. काळसर, भुसभुशीत, हाताला ओल लागेल अशी. बांजाची रुंद पानं तुलनेनं लवकर कुजतात आणि त्यांचा थर पावसाचं पाणी धरून ठेवतो. चिडाच्या लांब सुयांत लिग्निन आणि राळ जास्त, नत्र कमी. त्या सावकाश कुजतात, ऐन उन्हाळ्यात गळून उतारावर निसरडा थर करतात आणि ठिणगी पडली की भडकतात. स्थानिक लोक या पाचोळ्याला पिरूल म्हणतात. चिडाची जाड साल आग सोसते, बांजाची रोपं मात्र होरपळतात. त्यामुळे वणवे वाढले की चिडाचं फावतं.

तरी चिडाला खलनायक ठरवणं मला घाईचं वाटतं. उघड्या, खडकाळ उतारावर तोच आधी तग धरतो. शिवाय राळ आणि टर्पेंटाइनच्या उत्पन्नामुळे ब्रिटिश काळापासून वनखात्यानंच त्याला झुकतं माप दिलं. बांज चारा-सरपणासाठी छाटला गेला. आता पिरूल गोळा करून त्याच्या इंधनविटा बनवतात. वणव्याला तेवढंच कमी जळण मिळतं.